पगारावर कर, जमिनीला माफी

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर केलं. त्या दिवसापासून माझ्या पुण्यातल्या आणि नाशिकच्या नातेवाइकांमध्ये जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे त्यांच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. एका बाजूचं म्हणणं असं की इतकी वर्षं मध्यमवर्गाला पिळलं, आता कुठे श्वास घेता येईल. दुसऱ्या बाजूला माझे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, कर भरणारे आधीच मूठभर. त्यातले निम्मे सोडून दिले की उरलेल्यांवर सगळा भार येणार. डब्लिनमध्ये बसून मी हे वाचते, आणि मी काकांच्या बाजूने आहे. त्यांच्यापेक्षा थोडी पुढेच आहे.

मी इथे एका कंपनीत पेरोलचं काम करते. कुणाच्या पगारातून काय कापलं गेलं, हे महिन्याच्या महिन्याला माझ्या डोळ्यांखालून जातं. त्यामुळे आयर्लंडमधला कर हा माझ्यासाठी चर्चेचा विषय नाही, ते रोजचं काम आहे. २०२५ सालचा हिशोब सांगते. अविवाहित माणूस, वर्षाला ६० हजार युरो पगार. पहिल्या ४४ हजारांवर २० टक्के, वरच्या १६ हजारांवर ४० टक्के. येणाऱ्या करातून चार हजारांची सवलत वजा केली की आयकर राहतो ११,२०० युरो. त्यावर यूएससी नावाचा सामाजिक अधिभार, साधारण १,३५० युरो. मग सामाजिक विम्याचा हप्ता, म्हणजे पीआरएसआय, अडीच हजारांच्या आसपास. सगळं मिळून १५ हजार युरो, पगाराचा चौथा हिस्सा. पुण्यात पावणेएकवीस लाख कमावणाऱ्या माझ्या मावसभावाला नव्या प्रणालीत सेससकट २ लाख ८ हजार आयकर बसतो. दहा टक्के. दोघंही आपापल्या शहरात बऱ्यापैकी पगारवालेच.

आकडे असे शेजारी ठेवले की मावसभाऊ लगेच म्हणतो, तुम्हाला कराच्या बदल्यात मिळतं, आम्हाला काय मिळतं? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. इथे प्रत्येक मुलामागे महिन्याला १४० युरो आईच्या खात्यात येतात, मग ती करोडपती असो की बेकार. आठ वर्षांखालच्या मुलांना फॅमिली डॉक्टर फुकट. मार्च २०२५ च्या अखेरीपासून नोकरी गेलेल्या माणसाला सुरुवातीचे काही महिने आधीच्या पगाराच्या प्रमाणात भत्ता मिळतो, आठवड्याला जास्तीत जास्त ४५० युरोपर्यंत. पण त्याच देशात तज्ज्ञ डॉक्टरच्या तारखेसाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात, आणि ज्यांना राहायला घर नाही म्हणून सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलंय अशांची संख्या २०२५ मध्ये १५ हजारांच्या वर होती. त्यात हजारो लहान मुलं आहेत. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या श्रीमंत देशाला ही शरमेची गोष्ट आहे. तेव्हा ‘तिकडे सगळं मिळतं’ हेही खरं नाही.

‘भारतात दोनच टक्के लोक कर भरतात’ हे वाक्य मात्र मला कुणाच्याच तोंडून ऐकवत नाही. माझ्या आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतात, आणि त्यात त्यांना कुठलीही सूट नाही. आयकर विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा कर शून्य निघतो हे खरं. पण कर भरत नाही असा माणूस देशात कुणीच नाही. खरा प्रश्न आहे तो कुणाच्या मिळकतीकडे सरकार बघतं आणि कुणाच्या मिळकतीकडे बघतच नाही, हा.

आयर्लंडमध्ये हा प्रश्न आपल्यासारखाच पेटला होता. १९७९ साली सरकारने शेतमालावर दोन टक्के कर लावायचं जाहीर केलं, शेतकरी संघटनांनी विरोध केला आणि सरकारने माघार घेतली. पगारदारांचा कर मात्र पगार हातात पडण्याआधीच कापला जात होता. त्या मार्चमध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर दीड लाखाच्या आसपास नोकरदार उतरले. पुढच्या जानेवारीत देशभर त्याहून कितीतरी मोठे मोर्चे निघाले. युरोपातल्या मोठ्या कामगार आंदोलनांत त्यांची गणना होते. आज इथला शेतकरी नफ्यावर आयकर भरतो, पण त्याला पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून कर भरायची मुभा आहे. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, दुधाचा भाव पडला, तर त्या वर्षाचा फटका सरासरीत विरून जातो. शेतीच्या उत्पन्नावर कर म्हणजे विदर्भातल्या दोन एकरवाल्याच्या मानेवर पाय, अशी भीती आपल्याकडे घातली जाते. त्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपासही येणार नाही, हे ती भीती घालणाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्या दोन एकरवाल्याच्या नावाने ज्यांची मिळकत झाकली जाते ते वेगळेच असतात.

पण आयर्लंडचा खरा धडा शेतीचा नाही. तो घरांचा आहे.

२००० नंतर इथे घरांचे भाव बहुतेक वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त चढत होते. २००६ मध्ये या छोट्याशा देशाने एका वर्षात ८० हजारांहून जास्त घरं बांधली. बँका घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज द्यायला लागल्या, मुदत पस्तीस-चाळीस वर्षांची. आतल्या भागात, लिट्रिम, लाँगफर्ड अशा विरळ वस्तीच्या काउंट्यांमध्ये, घर बांधलं की करात सूट, अशी योजना १९९८ पासून होती. तिथे राहायला कोण येणार, हे कुणी विचारलं नाही. खरेदीच्या वेळी लागणारी स्टँप ड्यूटी मोठ्या घरांवर ९ टक्क्यांपर्यंत होती, त्यामुळे सरकारच्या तिजोरीत नुसत्या मुद्रांकातून २००६ मध्ये साडेतीन अब्ज युरोंहून जास्त रक्कम आली. नव्या घरांवरचा व्हॅट वेगळा, विक्रीवरचा भांडवली नफा कर वेगळा. घरातून इतका पैसा येतोय म्हटल्यावर सरकारने आयकर कमी करत नेला आणि दरवर्षी आणखी लोकांना आयकरातून बाहेर काढलं. प्रत्येक अर्थसंकल्पाला टाळ्या पडत होत्या. ज्याच्या मालकीचं घर होतं त्याला त्या घरावर वर्षाला काहीच कर नव्हता. घरपट्टीसारखा जो कर होता तो १९७८ मध्येच निवडणुकीतल्या आश्वासनापायी रद्द झाला होता.

२००७ मध्ये भाव थांबले, आणि मग पडत गेले, ते २०१३ च्या सुरुवातीपर्यंत. देशभरात घरांची किंमत निम्म्याहून जास्त उतरली, डब्लिनमध्ये त्याहून अधिक. मुद्रांकातून येणारा पैसा २००९ मध्ये एक अब्जाच्या आसपास आला. २०१० च्या पाहणीत २,८०० हून जास्त अर्धवट वसाहती सापडल्या: रस्ता नाही, दिवे नाहीत, काही घरांत माणसं आणि बाकीच्यांना नुसत्या भिंती. बेकारी पाच टक्क्यांच्या आतून पंधरा टक्क्यांवर गेली. बँकांना वाचवायला सरकारने ६४ अब्ज युरो ओतले, म्हणजे माणशी जवळजवळ १४ हजार युरो. नोव्हेंबर २०१० मध्ये नाणेनिधी आणि युरोपीय संघापुढे हात पसरावे लागले.

आणि मग पैसा कुठून आणायचा? जिथून लगेच मिळतो तिथूनच. पगारातून.

जानेवारी २०११ मध्ये यूएससी सुरू झाला. वर्षाला ४,००४ युरोंच्या वर ज्याची कमाई होती, त्या प्रत्येकाला तो लागू होता. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये अर्धवेळ काम करणारी एक आयरिश बाई होती, वर्षाला १४ हजार मिळवायची. डिसेंबरपर्यंत तिच्या स्लिपवर कराच्या रकान्यात शून्य असायचा. जानेवारीपासून आठवड्याला सात युरो जायला लागले. ती स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी तिला टप्पे समजावून सांगितले: पहिल्या १० हजारांवर दोन टक्के, त्यावरच्या सहा हजारांवर चार टक्के. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी जन्मभर भाड्याने राहिले, घर मी घेतलं नाही, कर्ज मी काढलं नाही, मग यातलं माझ्याकडे काय येणं होतं? पेरोलच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पुढच्याच महिन्यात किमान वेतन तासाला ८.६५ वरून ७.६५ युरो झालं. नवीन सरकारने ते जुलैमध्ये पूर्ववत केलं, पण तोवरचे महिने ज्यांनी काढले त्यांनी काढले. मुलांचा भत्ता १६६ युरोंवरून टप्प्याटप्प्याने १३० वर आला.

यूएससी वाईट होता असं मी म्हणत नाही. पाया रुंद हवा, सगळ्यांनी थोडं थोडं द्यावं, हे मला पटतं. चूक आधीच्या दहा वर्षांत होती. भाव चढत असताना लोकांना करातून बाहेर काढायचं आणि ती जागा मुद्रांकाने भरायची, हे तेव्हा सगळ्यांना उदारपणाचं वाटलं. त्याची किंमत कँटीनमधल्या बाईने चुकवली.

आम्ही राहतो त्या ल्यूकनमध्ये, डब्लिनच्या पश्चिमेला, आमच्या ओळीतलं एक घर २००६ मध्ये ३ लाख ९० हजारांना गेलं होतं. तसंच, त्याच नकाशाचं, चार दारं पुढचं घर २०१२ मध्ये पावणेदोन लाखांना विकलं गेलं. दुसऱ्याचा आकडा कुणीही बघू शकतं, कारण २०१० पासूनची प्रत्येक विक्री, पत्ता, तारीख आणि किंमत, इथल्या सरकारी नोंदवहीत सगळ्यांसाठी खुली आहे. २००६ मध्ये घेणारा माणूस वायरमन. बांधकाम थांबलं तसं त्याचं काम गेलं. घर विकून कर्ज फिटणार नव्हतं, आणि इथे कर्ज घराबरोबर संपत नाही, उरलेली रक्कम माणसाच्या मागे राहते. दिवाळखोरी जाहीर करावी तर तेव्हाच्या कायद्याने बारा वर्षं त्यात अडकावं लागायचं. ती मुदत २०१३ मध्ये तीन वर्षांवर आणि २०१६ मध्ये एका वर्षावर आली, तोवर तो ऑस्ट्रेलियात जाऊन खाणीत काम करून हप्ते पाठवत होता. बायको आणि मुलं इथेच. आज ते घर साडेचार लाखांच्या वर आहे आणि तो परत आला आहे. लोक त्याला म्हणतात, शेवटी फायद्यातच आलास की. मुलांची शाळेतली वर्षं तो हिशोबात धरतो, लोक धरत नाहीत.

त्यानंतर आयर्लंडने काही गोष्टी खरोखर सुधारल्या. डिसेंबर २०१० मध्ये घरांवरची स्टँप ड्यूटी दहा लाख युरोंपर्यंत सरसकट एक टक्क्यावर आणली. २०१३ पासून प्रत्येक घरावर वार्षिक कर सुरू केला. घराची किंमत मालकानेच ठरवायची, त्या किमतीच्या पट्ट्याप्रमाणे कर भरायचा. २०२१ च्या मूल्यांकनात साडेतीन लाखांपासून ४ लाख ३७ हजार ५०० युरोंपर्यंतच्या घराला मूळ दराने वर्षाला ४०५ युरो होते. त्यात स्थानिक कौन्सिल थोडं कमी-जास्त करते. हवं तर पगारातून बारा हप्त्यांत कापून घेता येतो, आणि तो रकानाही मीच भरते. नोव्हेंबर २०२५ च्या किमतीवर पुन्हा मूल्यांकन झालं. मधल्या काळात भाव बरेच चढले होते, पण पट्टे रुंद केल्यामुळे बहुतेकांचा कर थोडाच वाढला. २०१५ पासून मध्यवर्ती बँकेने उत्पन्नाच्या पटीत कर्जावर मर्यादा घातली, आधी साडेतीन पट, आता पहिलं घर घेणाऱ्यांना चार पट. गृहकर्जाच्या व्याजावरची जुनी करसवलत २०२० अखेर संपली. ही सवलत घेणाऱ्याच्या खिशात राहतच नव्हती. तितकी किंमत विकणारा वाढवून घ्यायचा. भारतातल्या नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही म्हणून घरी सगळे चिडलेले आहेत. मला तो त्या प्रणालीतला सगळ्यांत शहाणा भाग वाटतो.

एक गोष्ट मात्र इथेही सुटली नाही, ती जमिनीची. १९७३ मध्ये न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने सुचवलं होतं की शहराभोवतालची जमीन स्थानिक संस्थांनी शेतीच्या किमतीला, वर २५ टक्के देऊन, घ्यावी. कारण सरकारने रस्ता, पाणी, गटार आणलं म्हणून जो भाव वाढतो, त्यात मालकाचे कष्ट नसतात. अहवाल कपाटात गेला. मंदीनंतर, शेतजमीन निवासी पट्ट्यात गेल्यावर होणाऱ्या नफ्यावर ८० टक्के कर लावला गेला. २०१५ मध्ये तोही काढून टाकला. आता २०२५ पासून बांधकामयोग्य पण मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर वर्षाला तीन टक्के कर सुरू झाला आहे. पन्नास वर्षांनी.

हे वाचताना मला नेहमी आपली राज समिती आठवते. केनींच्या एकच वर्ष आधी, १९७२ मध्ये, अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने शेतजमिनीच्या धारणेवर चढत्या दराने कर सुचवला होता. जमिनीचा मगदूर आणि पीक बघून. तोही अहवाल कपाटात गेला, आणि आपल्याकडे अजून तिथेच आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा, म्हणून केंद्र हात वर करतं. राज्यांत निवडणुका असतात.

आता घरच्या चर्चेकडे येते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळी लढाई आयकराच्या टप्प्यांवर चालते, आणि जिथे खरा अन्याय आहे त्याला कुणी हात लावत नाही. माझा भाचा पुण्यात पुनावळ्याला ९० लाखांचा फ्लॅट घेतोय, इमारत अजून उभी राहते आहे. मुद्रांक शुल्क, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असल्याने पाच टक्के जीएसटी, साडेचार लाख. अकरा लाख रुपये त्याने राहायला जाण्याआधीच सरकारला दिले. त्यासाठी त्याला बँक कर्ज देत नाही, ते आईवडिलांच्या ठेवी मोडून आले. वर ७० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना साठ हजारांच्या वर हप्ता. पुढे नोकरी बदलून हैदराबादला जायचं म्हटलं आणि हे विकून तिकडे घेतलं, तर नवीन घरावर पुन्हा मुद्रांक. इथे डब्लिनमध्ये साडेचार लाख युरोंचं जुनं घर घेतलं तर मुद्रांक साडेचार हजार युरो. नव्या घराच्या किमतीत साडेतेरा टक्के व्हॅट असतो, तेही सांगायला हवं. पण घर बदलणाऱ्याची वाट इतकी अडवलेली नाही.

महाराष्ट्राला मुद्रांक आणि नोंदणीतून २०२३-२४ मध्ये ५० हजार कोटींच्या आसपास मिळाले. मला हा आकडा वाचून आनंद होत नाही, मला २००६ आठवतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे कर्जाच्या प्रमाणाचे नियम आहेत, ७५ लाखांवरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मर्यादा. त्यामुळे आयर्लंडसारखी पडझड होईल असं मी म्हणत नाही. आपली मंदी वेगळी असते. कागदावर भाव उतरत नाही, विक्री थांबते, ताबा लांबतो, बिल्डर फोन उचलत नाही, आणि भाडं आणि हप्ता दोन्ही भरत माणूस बसतो. पण सरकारची तिजोरी तेव्हाही आटतेच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याला स्वतःहून मुद्रांक पाचवरून दोन टक्क्यांवर आणावं लागलं होतं, आणि तेव्हा लोकांनी रांगा लावून नोंदणी केली. दर कमी असला की लोक व्यवहार करतात, हे तेव्हा दिसलं. मुदत संपली आणि दर परत वर गेला.

दुसरीकडे, १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. चाळीतल्या माणसाला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण माफी क्षेत्रफळावर दिली, किमतीवर नाही. दादरला दीड-दोन कोटींच्या ४८० फुटांच्या फ्लॅटला माफी, आणि मानखुर्दला राहणारा सहाशे फुटांच्या घराचा कर भरतोय. दोघांची घरं किमतीने तोलली असती तर यादी उलटी झाली असती. महापालिकेची निवडणूक आली की सगळेच पक्ष घरपट्टी माफीचं बोलतात. आयर्लंडमध्येही १९७७ च्या निवडणुकीत हेच झालं होतं.

किमतीवर कर लावायचा तर आधी किंमत खरी लिहिलेली हवी, हे मला मान्य आहे. आईवडिलांचा कोथरूडचा फ्लॅट भावाने आणि मी विकला तेव्हा आलेल्या पहिल्या तिन्ही गिऱ्हाइकांनी एजंटमार्फत आधी हाच प्रश्न विचारला: व्हाइट किती, ब्लॅक किती? एकाने रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी किमान दराइतकी रक्कम चेकने आणि वरचे २५ लाख रोख द्यायची तयारी दाखवली. आम्ही सगळी रक्कम चेकने हवी म्हटल्यावर भाव सहा लाखांनी खाली आला, आणि एजंट आम्हाला समजावत राहिला की अशाने तुमचंच नुकसान आहे. झालंही. पण ते सहा लाख म्हणजे मुद्रांकाचा सात टक्के दर आणि काळ्या पैशाचा बाजार यांनी मिळून लावलेला दंड होता. मुद्रांक एक-दोन टक्के असता, आणि घराच्या खऱ्या किमतीवर दरवर्षी थोडा कर असता, तर घेणाऱ्यालाही किंमत लपवण्यात एवढा रस राहिला नसता.

वारसा कराचं नाव तर काढायची सोय नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विषय निघाला आणि दोन दिवसांत सगळ्यांनी हात झटकले. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये बंद झाली, संपत्ती कर २०१५ मध्ये. इथे आईवडिलांकडून आयुष्यभरात मिळून ४ लाख युरोंपर्यंत मुलाला काही कर नाही, त्यावर ३३ टक्के. मर्यादा उंच ठेवा, राहतं घर वाचवा, पण सात फ्लॅटचा वारस आणि पहिल्या फ्लॅटसाठी झगडणारा, यांच्यात सरकारने फक्त दुसऱ्याकडूनच घ्यायचं, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

बारा लाखांच्या माफीत केंद्राने वर्षाला एक लाख कोटींच्या आसपास प्रत्यक्ष कर सोडला, असं अर्थमंत्र्यांनीच सांगितलं. तो पैसा मध्यमवर्गाच्या खिशात राहिला, वाईट झालं नाही. माझी हरकत एवढीच, की तेवढी जागा भरायला जमिनीकडे कुणी पाहिलं नाही. ती उद्या इंधनातून भरली जाईल, जीएसटीतून भरली जाईल, किंवा वाईट वर्ष आलं तर पुन्हा पगारातूनच.

आमच्याच घरात याची दोन टोकं आहेत. भाच्याने अकरा लाख भरले त्याच वर्षी माझ्या मामांनी पुण्याबाहेरची, महापालिकेच्या हद्दीपासून बरीच दूरची शेतजमीन विकली. मोठ्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरपलीकडची शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. कोटींत रक्कम आली आणि त्यावर एक रुपयाही कर लागला नाही. मामांनी काही लपवलं नाही, कायदाच तसा आहे. मी त्यांच्याशी फोनवर यावर सविस्तर बोलले. त्यांचं म्हणणं, जमीन आजोबांनी राखली, आम्ही कसली, दुष्काळात बैल विकले पण वावर विकलं नाही; सरकारचं तिच्यात काय आहे? हे सगळं खरं आहे, लहानपणी मी ते पाहिलंय. मी विचारलं, शेजारून रिंगरोड जाणार नसता तर गुंठ्याला काय मिळालं असतं? ते म्हणाले, निम्मंसुद्धा नाही. मग रस्त्यामुळे जे वाढलं त्यातला पाचवा हिस्सा त्या रस्त्याला आणि तिथल्या पाण्याला द्यायला काय हरकत आहे? मामा थोडं थांबून म्हणाले, सगळ्यांकडून घेणार असतील तर देईन, एकट्याकडून मागितला तर नाही. मलाही तसाच कायदा हवा आहे, सगळ्यांना लागू होणारा. त्यातून येणाऱ्या पैशात भाच्याच्या वयाच्या मुलांचं मुद्रांक शुल्क पाचावरून दोनावर कायमचं आणा. २०२० मध्ये सात महिन्यांसाठी दर कमी करता आला होता.